उस्मानाबादच्या बायकांनी जगाला दिलेलं उत्तर

बार्शी म्हटलं की भगवंताचं देऊळ, तुरीची नि ज्वारीची पेठ आणि जुन्या लोकांच्या बोलण्यात अजून येणारी छोट्या रुळांची बार्शी लाइट रेल्वे. कर्करोगाच्या इतिहासात हे गाव येतं ते मात्र वेगळ्या कारणाने. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कशी करावी याविषयी जागतिक आरोग्य संघटना आज जगाला जे सांगते, त्यामागच्या सर्वांत वजनदार पुराव्यांपैकी एक बार्शीच्या रुग्णालयातून निघाला. तो दिला शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या सव्वा लाखाहून अधिक बायकांनी.

आधी रोगाविषयी. गर्भाशयमुखावर दोन प्रकारच्या पेशींची हद्द असते, बाहेरून चपट्या आणि आतून उंच, खांबासारख्या. वयात येताना, बाळंतपणात ही हद्द सरकत राहते आणि बहुतेक सगळी भानगड या सरकत्या पट्ट्यातच सुरू होते. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, शरीरसंबंधातून इथे पोचतो. तो बहुतेकींना कधी ना कधी गाठतो आणि बहुतेकींच्या शरीरातून वर्षा-दोन वर्षांत निघूनही जातो. थोड्याजणींत तो ठाण मांडतो. मग पेशींची केंद्रकं फुगतात, गडद होतात, त्यांचा आकार बिघडतो. यातले सौम्य बदल बऱ्याचदा आपोआप मावळतात. तीव्र बदल तसेच सोडले तर दहा-वीस वर्षांत कर्करोगापर्यंत जाऊ शकतात. म्हणजे अहवालात ‘पेशींमध्ये बदल’ असं लिहून आलं की कर्करोग झाला, असं अजिबात नाही. इतकी मुदत देणारे कर्करोग फार थोडे. असं असूनही भारतात दरवर्षी या रोगाचे सुमारे सव्वा लाख नवे रुग्ण सापडतात आणि पाऊण लाखाहून अधिक बायका मरतात.

ही मुदत वापरता येईल हे पहिल्यांदा ज्याच्या लक्षात आलं, तो जॉर्ज पापानिकोलाऊ हा ग्रीक डॉक्टर. १९१३ साली तो पत्नी आंद्रोमाखीसह न्यूयॉर्कला उतरला तेव्हा इंग्रजीची बोंब होती. त्याने काही दिवस गालिचे विकले, तिने एका मोठ्या दुकानात बटणं शिवली. पुढे कॉर्नेलच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्याला गिनी पिगवर काम मिळालं. या प्राण्याच्या मादीचं ऋतुचक्र बाहेरून ओळखता येत नाही. पापानिकोलाऊने नाक तपासायचं छोटं उपकरण वापरून योनीतला स्राव काढला, काचपट्टीवर पसरला आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिवसागणिक बदलणाऱ्या पेशी पाहिल्या. मग त्याने हाच प्रयोग माणसांवर केला. त्यासाठी वर्षानुवर्षं नमुने देणारी बाई घरातलीच होती, आंद्रोमाखी. या शोधाच्या गोष्टीत तिचं नाव सहसा ओझरतं येतं, ते बरोबर नाही.

असे नमुने बघताना काही बायकांच्या काचपट्टीवर त्याला थेट कर्करोगाच्या पेशी दिसल्या. १९२८ साली त्याने हे एका परिषदेत मांडलं. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. त्याच सुमारास बुखारेस्टमध्ये ऑरेल बाबेश यानेही स्वतंत्रपणे हीच वाट धरली होती. १९४१ साली स्त्रीरोगतज्ज्ञ हर्बर्ट ट्राउट याच्याबरोबर लिहिलेला निबंध आणि १९४३ चं पुस्तक आल्यावर मात्र चित्र पालटलं. पॅप स्मिअर हे नाव रुळलं. १९४९ पासून कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात आणि १९६० च्या दशकापासून फिनलंडसारख्या देशांत बायकांना ठरावीक वर्षांनी बोलावून तपासायला सुरुवात झाली. फिनलंडमध्ये या रोगाचे मृत्यू पुढे सुमारे ८० टक्क्यांनी घटले.

पण काचपट्टीवर दिसणाऱ्या बदललेल्या पेशी खरोखर पुढे कर्करोग होतात का, की डॉक्टर उगाच घाबरवतात? हा वाद बराच काळ चालला आणि त्याची किंमत बायकांनी चुकवली. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमध्ये हर्बर्ट ग्रीन या डॉक्टरला हे बदल बहुतांशी निरुपद्रवी वाटत. १९६६ पासून तिथे तीव्र बदल असलेल्या कित्येक बायकांना पुरेसा उपचार न देता नुसतं तपासणीला बोलावत राहिले. आपण अशा अभ्यासाचा भाग आहोत हे त्यांना सांगितलंच नव्हतं. त्याच रुग्णालयातल्या सहकाऱ्यांनी हरकत घेतली, ती दाबली गेली. जून १९८७ मध्ये सँड्रा कोनी आणि फिलिडा बंकल या दोघींनी ‘मेट्रो’ मासिकात हे उघड केलं, न्यायिक चौकशी बसली आणि १९८८ च्या अहवालाने रुग्णांच्या हक्कांचं त्या देशातलं चित्रच बदललं. त्या बायकांच्या नोंदी पुढे पुन्हा तपासल्या, तेव्हा २००८ साली जगाला नेमका आकडा मिळाला: तीव्र बदलांवर अपुरा उपचार झालेल्यांपैकी ३१ टक्के बायकांना ३० वर्षांत कर्करोग झाला, नीट उपचार झालेल्यांत हे प्रमाण ०.७ टक्के होतं. आज कुठलीही डॉक्टर ‘याकडे दुर्लक्ष करू नका’ म्हणते, ती या बायकांच्या जिवावर म्हणते.

भारताचे हातही स्वच्छ नाहीत. दिल्लीत १९७६ पासून भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या अभ्यासात पेशींत बदल आढळलेल्या १,१५८ बायकांना उपचार न करता निरीक्षणाखाली ठेवलं होतं. ७१ जणींमध्ये बदल कर्करोगापर्यंत गेले, त्यातल्या नऊजणींमध्ये तो खोलवर शिरला. लेखी संमती घेतलेली नव्हती. हे १९९७ साली वृत्तपत्रांतून बाहेर आलं.

या पार्श्वभूमीवर बार्शीकडे यायला हवं.

१९८० च्या दशकात बार्शीत कर्करोगाचं रुग्णालय उभं राहिलं. त्याला पुढे नर्गिस दत्त यांचं नाव मिळालं. डॉ. बी. एम. नेने हे तिथले धुरीण. १९८७ साली इथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी तालुका आणि उस्मानाबादमधले परांडा नि भूम एवढा तिचा मुलूख. शहरात नोंदणी सोपी असते. रुग्ण इस्पितळात येतो, कारकून वहीत नाव लिहितो. खेड्यात रुग्ण येतच नाही. म्हणून बार्शीच्या लोकांनी गावोगाव माणसं पाठवली. ती चावडीवर, देवळात, घरोघर बोलत: पाळी गेल्यावर पुन्हा रक्त गेलं, संबंधानंतर गेलं, अंगावरून घाण वास येणारं जाऊ लागलं तर तपासून घ्या. ‘अंगावरून जाणं’ ही बाईने सोसायची गोष्ट, अशी समजूत होती. ती थोडी सैल झाली. बायका आधीच्या टप्प्यात येऊ लागल्या. नुसत्या बोलण्याने रोगाचा टप्पा अलीकडे आला, हा निष्कर्ष कस्तुरी जयंत आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडला. मला स्वतःला या सगळ्या इतिहासातलं हे सर्वांत कमी बोललं गेलेलं काम वाटतं. पुढे सव्वा लाख बायकांपर्यंत पोचता आलं ते या पायपिटीमुळे.

दरम्यान विज्ञान पुढे गेलं होतं. जर्मनीत हारल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३ आणि १९८४ साली या कर्करोगातून एचपीव्हीचे १६ आणि १८ हे प्रकार वेगळे काढले होते. विषाणूच कारण असेल तर पेशी बघण्याऐवजी विषाणूच का शोधू नये? त्यासाठी चाचणीही बाजारात आली होती. दुसऱ्या टोकाला अगदी स्वस्त उपाय होता: गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक ॲसिड लावायचं, म्हणजे स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरमध्ये असतं तेच, आणि एक मिनिट थांबून नुसत्या डोळ्यांनी बघायचं. बदललेल्या पेशींचा भाग पांढरा पडतो. पॅप स्मिअर तर होतीच. पण तिला प्रयोगशाळा लागते, तरबेज नजर लागते आणि मुख्य म्हणजे बाई पुन्हापुन्हा यावी लागते. एका फेरीत तिच्या हातून बरंच निसटतं. ज्या बाईला एकदाच आणणं मुश्कील, तिच्यासाठी या तिन्हींपैकी काय चांगलं? याचं उत्तर जगात कुणाकडेच नव्हतं.

ऑक्टोबर १९९९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात हा प्रश्न विचारायला सुरुवात झाली. जिल्हा कोरडवाहू. किल्लारीच्या भूकंपाला सहाच वर्षं झाली होती. लिआँच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेतले आर. शंकरनारायणन, मुंबईच्या टाटा मेमोरियलचे सुरेंद्र शास्त्री आणि बार्शीचे नेने, जयंत यांची मंडळी, पैसा गेट्स प्रतिष्ठानचा. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका, गावांचे ५२ गट आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखी चौघांत वाटणी: एका भागाला एचपीव्ही चाचणी, दुसऱ्याला पॅप, तिसऱ्याला ॲसेटिक ॲसिड, आणि चौथ्याला नेहमी मिळते तीच सरकारी सेवा, म्हणजे व्यवहारात काहीच तपासणी नाही.

तपासणीचं काम नर्सबाईंनी केलं. ॲसेटिक ॲसिडच्या तपासणीचा प्रसंग डोळ्यांसमोर आणून बघा. गावातलीच एखादी खोली, एक टेबल, पडदा, चांगला उजेड. नर्स योनीत स्पेक्युलम हळूच बसवते, कापसाचा बोळा बुडवून गर्भाशयमुखाला लावते आणि मिनिटभर थांबते. हद्दीला चिकटून ठसठशीत कडांचा पांढरा डाग उमटला तर चाचणी पॉझिटिव्ह. विरळ, पसरट पांढरेपणा असेल तर नाही. फरक ओळखायला नजर बसावी लागते. एचपीव्हीसाठी छोट्या ब्रशने नमुना घेऊन नळीत घालायचा आणि बार्शीच्या प्रयोगशाळेत पाठवायचा. पॅपच्या काचपट्ट्याही तिथेच वाचल्या जात. ज्या बाईला घरातून बाहेर पडायला सासूची, नवऱ्याची परवानगी लागते, तिने अनोळखी माणसांपुढे टेबलावर आडवं व्हायचं. तरीही बोलावलेल्या दर दहांपैकी जवळपास आठजणी आल्या. श्रीमंत देशांतल्या कार्यक्रमांना हेवा वाटावा असं हे प्रमाण आहे.

पॉझिटिव्ह आलेल्यांची कॉल्पोस्कोपी झाली, म्हणजे भिंगातून गर्भाशयमुख पाहणं. शंका आली तर तुकडा काढून तपासला. तीव्र बदल निघाले तर तो भाग गोठवून किंवा विजेच्या तारेच्या कड्याने कापून काढला. कर्करोग निघाला तर बार्शी. मग वाट पाहणं: कोणाला रोग झाला, कोण दगावलं, याची वर्षानुवर्षं नोंद. वाट पाहण्याचा हा भाग कंटाळवाणा. पण संपूर्ण निकाल त्यावरच टेकलेला होता.

२ एप्रिल २००९ रोजी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निकाल छापून आला. आठ वर्षांत तपासणी न झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ६४ बायका गेल्या होत्या. ॲसेटिक ॲसिडच्या गटात ५६, पॅपच्या गटात ५४; संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक भरवशाचा ठरला नाही. एचपीव्ही चाचणीच्या गटात मात्र ३४. बळावलेल्या टप्प्यातले रुग्ण ८२ वरून ३९ वर आले होते. आयुष्यात एकदाच केलेल्या एका चाचणीने मृत्यू जवळपास निम्मे झाले. ज्यांची एचपीव्ही चाचणी निगेटिव्ह आली होती, त्यांच्यात पुढच्या वर्षांत कर्करोगाचं प्रमाण लाखात चारच्या आत राहिलं. पॅप किंवा ॲसिड निगेटिव्ह आलेल्यांत ते सोळाच्या आसपास होतं. निगेटिव्ह अहवाल घेऊन बाईने निश्चिंत घरी जावं, हे खऱ्या अर्थाने फक्त एका चाचणीबाबत म्हणता येत होतं. त्याच अंकातल्या संपादकीयाच्या शीर्षकाचा आशय ‘भारताकडून जगाला’ असा होता. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने तिशीनंतर दर पाच ते दहा वर्षांनी एचपीव्ही चाचणी हीच पहिली पसंती म्हणून जाहीर केली.

मुंबईतही दुसरा प्रयोग चालू होता. १९९८ पासून टाटा मेमोरियलने झोपडपट्ट्यांतल्या दीड लाख बायकांना घेऊन ॲसेटिक ॲसिडची चाचणी पारखली. पण इथे ती दर दोन वर्षांनी, चार वेळा केली आणि करणाऱ्या होत्या जेमतेम दहावी झालेल्या, काही आठवडे शिकवून तयार केलेल्या बायका. २०१३ साली निकाल आला: मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. उस्मानाबादच्या निकालाशी हा विसंगत वाटतो, पण तसा तो नाही. स्वस्त चाचणी एकदा करून भागत नाही; चिकाटीने पुन्हापुन्हा केली तर जीव वाचतात.

मग या दोन्ही प्रयोगांत तुलनेसाठी ठेवलेल्या ज्या बायकांची तपासणीच झाली नाही त्यांचं काय? हा प्रश्न अमेरिकी डॉक्टर एरिक सूबा यांनी लावून धरला आणि २०१४ च्या सुमारास त्यावर ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये बरीच खडाजंगी झाली. पॅप स्मिअरने मृत्यू घटतात हे दशकांपासून माहीत असताना हजारो बायकांना बिनतपासणीचं ठेवणं कोणत्या न्यायात बसतं, हा त्यांचा मुद्दा. अमेरिकी सरकारच्या संबंधित कार्यालयालाही मुंबईच्या अभ्यासात बायकांना दिलेली माहिती अपुरी वाटली होती. संशोधकांचं म्हणणं: त्या भागात तपासणी नव्हतीच, आम्ही कुणाकडून काही काढून घेतलेलं नाही. उस्मानाबादपुरतं बोलायचं तर निकालच टीकाकारांच्या एका गृहीतकाला छेद देतो: एका फेरीच्या पॅपने तिथे फारसं कुणी वाचलं नाही. पण हे निकालानंतर कळलं. आणि ‘तिथे काही नव्हतंच’ हे समर्थन ऐकताना मला खटकतं ते असं, की काही नसण्याची ती स्थितीच प्रयोगाची सोय ठरली. ऑकलंडशी याची बरोबरी मी करणार नाही, तिथे बायकांना अंधारात ठेवून उपचार टाळले होते. तरी शंका उरते ती उरतेच.

उस्मानाबादनंतर बार्शीचं नाव आणखी एका निकालात आलं, तेही अपघाताने. सप्टेंबर २००९ मध्ये बार्शी, पुण्यासह देशात अनेक ठिकाणी मुलींना एचपीव्हीची लस दोन डोसांत द्यावी की तीन, याचा अभ्यास सुरू झाला. त्याच काळात आंध्र आणि गुजरातमध्ये एका वेगळ्या लसीकरण प्रकल्पात काही मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत ते लसीमुळे झाल्याचं आढळलं नाही. पण संमतीपत्रांतला हलगर्जीपणा मोठा निघाला, आणि संसदीय समितीने २०१३ साली त्यावर कडक ताशेरे ओढले. एप्रिल २०१० मध्ये सरकारने सगळंच थांबवलं. दोन-तीन डोस घ्यायला निघालेल्या सुमारे ५ हजार मुली एका डोसावरच राहिल्या. संशोधकांनी त्यांना सोडलं नाही, दहा वर्षं पाठपुरावा केला. २०२१ साली दिसलं की एका डोसानेही १६ आणि १८ या प्रकारांच्या चिवट संसर्गापासून ९५ टक्क्यांपर्यंत संरक्षण मिळतं. केनियातल्या अभ्यासाची जोड मिळाली आणि २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसालाही मान्यता दिली. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्वाव्हॅक’ या देशी लसीला परवाना मिळाला.

देशात मात्र तपासणीचं गाडं रुतलेलंच आहे. २०१६ च्या सरकारी आराखड्यात ३० ते ६५ वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी ॲसेटिक ॲसिडने तपासणी करावी असं आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तिशी ते पन्नाशीच्या दरम्यानच्या शंभरातल्या जेमतेम दोघींनी अशी तपासणी कधी झाल्याचं सांगितलं. ही पोकळी नुसती रिकामी राहत नाही. २०१९ साली धाराशिवच्या शेजारी बीडमध्ये ऊसतोड करणाऱ्या सुमारे ८२ हजार बायकांची पाहणी झाली. १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यांतल्या कितीतरी जणींनी सांगितलं, की अंगावरून जातं म्हणून दवाखान्यात गेले आणि ‘पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल’ असं ऐकून आले. ज्या बदलांना चिमटीएवढा भाग गोठवणं पुरतं, त्याचं नाव घेऊन अख्खी पिशवी.

गोव्याच्या मोलबायो आणि पुण्याच्या मायलॅबने बनवलेल्या एचपीव्ही चाचण्या २०२५ मध्ये देशातल्या सरकारी संस्थांच्या पारखणीतून उतरल्या आहेत. नमुना आता बाई स्वतःही घेऊ शकते, पडद्याआड, स्पेक्युलमशिवाय. चाचणीपुरता प्रश्न बराच सुटला. पण उस्मानाबादमध्ये पॉझिटिव्ह आलेल्या बाईपर्यंत जाऊन तिला कॉल्पोस्कोपीच्या टेबलापर्यंत आणणारी माणसं होती. तिचं नाव, गाव, वस्ती त्यांना पाठ होती. मधल्या काळात ऊसतोडीला गेलेल्या बाईचा अहवाल घेऊन कोण फिरणार, आशाताईच्या कामांच्या यादीत हे आणखी एक काम घातलं तर त्याचे तिला किती पैसे मिळणार, आणि गोठवायचं यंत्र तालुक्याला असेल की जिल्ह्याला, हे अजून ठरायचं आहे.